सलाइन किती वेगानं सोडायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे

ताई, नमस्कार.

मी मिरजेची. ३४ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते. दोन वर्षांपूर्वी ५८ पूर्ण झाली आणि निवृत्त झाले. पेन्शन आहे, घर आहे, मिस्टरही रिटायर आहेत, तब्येत बरी आहे. तक्रार करावी असं काही नाही, म्हणूनच पत्र लिहायला लाज वाटत होती.

निवृत्तीआधी मनाशी ठरवलं होतं, आता सगळं सावकाश करायचं. प्रत्यक्षात पहाटे साडेचारला जाग येते आणि साडेनऊच्या आत घरातलं सगळं उरकलेलं असतं. मग मी काम शोधत फिरते. कपाटं तीनदा लावून झाली. चहा ओट्याशी उभ्यानंच पिते, जेवण दहा मिनिटांत. टीव्हीसमोर बसले तरी हातात गवार नाहीतर शेंगा. नुसतं बसलं की मागे कुणीतरी उभं आहे, आता ओरडेल, असं वाटतं. मिस्टर मात्र दोन-दोन तास पेपर वाचतात आणि खरं सांगते, मला त्यांचा राग येतो. गल्लीतले लोक दिवसभर बीपी बघायला बोलावतात, तेवढा वेळ मला बरं वाटतं. मागच्या महिन्यात नरसोबाच्या वाडीला गेलो, तर दर्शन-प्रसाद उरकून दोन तासांत घरी. मिस्टर म्हणाले, 'तुझी कुठली ड्युटी चुकत होती?'

वेळ आहे, पण त्याची चव लागत नाही. काय करू?

ता. क. मुलगा-सून पुण्याला नोकरी करतात, नातू दीड वर्षाचा आहे. 'आई, तू आता मोकळीच आहेस, कायमची इकडे ये,' असं चाललंय. त्याचंही सांगा.

एक सिस्टर, मिरज

*

सिस्टर, नमस्कार.

आधी एक गणित. ५०० मिलीची बाटली, ८ तासांत उतरवायची, सेट २० थेंबांना १ मिलीचा. मिनिटाला किती थेंब? वाक्य संपायच्या आत तुम्ही उत्तर काढलं असणार: वीस-एकवीस. मला हे गणित माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात वॉर्डातल्या एका सिस्टरनं शिकवलं. १९ दिवस मी स्टुलावर बसून होते आणि सारखी म्हणत होते, जरा जोरात सोडा की हो, दुपारपर्यंत संपेल तरी. त्या म्हणाल्या, 'ताई, आजींचं हृदय ८१ वर्षांचं आहे. पाणी भराभर गेलं तर फुप्फुसांत साठेल आणि धाप लागेल. त्यांना झेपेल तसंच सोडायचं.' आणि खांद्याशी पिनेनं अडकवलेल्या घड्याळाकडे बघत अख्खं एक मिनिट थेंब मोजत उभ्या राहिल्या. वॉर्डात त्या दिवशी चाळीसेक पेशंट होते.

त्यामुळे सावकाश राहणं तुम्हाला जमत नाही, हे मला काही पटलं नाही. ३४ वर्षं तुम्ही ते थेंबाथेंबानं मोजून लोकांना दिलंत. रक्ताची पिशवी लावली की पहिली पंधरा मिनिटं हळू सोडायची आणि पेशंटजवळून हलायचं नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार? श्वास मोजायचे तर पूर्ण मिनिटभर मोजायचे, हेही तुमच्या हाताला पाठ. फक्त तो सगळा निवांतपणा दुसऱ्या कुणाच्या तरी केसपेपरवर लिहिलेला असायचा. तुमच्या नावाचा केसपेपर कधी निघालाच नाही.

गल्लीतल्यांचं बीपी बघताना तुम्हाला बरं वाटतं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ मला तीच वाटली. कारण तेवढा वेळ तुम्ही बसता. समोरच्याला म्हणता, आधी पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका, पाय जमिनीला टेकवा, मग पट्टा बांधते. ती पाच मिनिटं तुम्हीही त्याच्यासोबत बसलेल्या असता आणि मागे उभं राहून ओरडणारं तेव्हा कुणीच नसतं, कारण काम चाललेलं असतं. काम म्हटलं की बसायला परवानगी.

ते मागे उभं राहणारं माणूस मला चांगलं ओळखीचं आहे. माझ्याकडे ते माझ्या आजीच्या रूपात यायचं. दुपारी पाटाला पाठ टेकलेली पोरगी तिला दिसली की ती काही बोलायची नाही, फक्त मेथीची जुडी आणून समोर टाकायची. 'रिकामटेकडी' ही आपल्याकडे जवळजवळ शिवीच आहे, आणि ती पुरुषाला दिली तर गंमत असते, बाईला दिली की डाग लागतो. त्यावर तुमची नोकरी अशी, की ड्युटीवर बसलेली सिस्टर दिसली तर नातेवाइकांपासून सुपरिंटेंडेंटपर्यंत कुणाचाही आवाज चढावा. दोन्हीकडून शिकवण एकच. दोन वर्षांत ती जाईल कशी?

मी शाळेत होते. निवृत्तीनंतरचे सहा महिने मी घराच्या तासिका पाडल्या होत्या. पस्तीस मिनिटं पूजा, पस्तीस मिनिटं वाचन, मधली सुट्टी. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, मीठ-साखरेच्यासुद्धा. भजनी मंडळ, हास्यक्लब, भिशी आणि संस्कृतचा वर्ग, असं सगळं एका महिन्यात धरलं. (हास्यक्लबात मला कधी हसू आलं नाही. ज्यांना येतं त्यांनी जावं.) एकेका गोष्टीत वाईट काही नव्हतं, पण मी त्यातल्या एकीतही नव्हते, पुढच्या तासाची घंटा ऐकत बसलेली असायची. भिंतीला तुंबड्या लावणं म्हणतात ते हेच. तुंबड्या लावणं तर निदान तुमच्या खात्यातलं काम आहे, माझ्या तेही नव्हतं. म्हणून 'एखादा छंद जोपासा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही छंदही साडेनऊच्या आत उरकाल.

सुरुवात चहापासून करा, पण दुपारच्या. सकाळचा चहा तुमच्या अंगात इतका भिनलाय की त्याला हात लावू नका. दुपारी चारचा चहा मिस्टरांनी करायचा आणि तुम्ही तो बसून प्यायचा. कप, खुर्ची, शक्यतो अंगण किंवा गॅलरी. मोबाइल आत. हातात गवार नाही. चहा संपला तरी आणखी पाच मिनिटं तिथंच.

चहा मिस्टरांनीच का? तुम्हाला त्यांचा राग येतो, आणि तो मला अगदी वाजवी वाटतो. ते दोन तास पेपर वाचू शकतात, कारण त्या दोन तासांत पोळ्या लाटल्या जातायत, दूध उतू जात नाहीये, बेल वाजली की दार उघडलं जातंय. त्यांची फुरसत तुमच्या घाईवर उभी आहे. ते मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही; चहा आपोआप येतो असं त्यांना चाळीस वर्षं वाटत आलंय, बिचाऱ्यांना खरंच तसं वाटत असेल. ते रिटायर झाले तेव्हा त्यांचं कामच संपलं. तुम्ही रिटायर झालात तेव्हा दोनपैकी एक ड्युटी सुटली. घरातली आहे तशीच आहे, आणि तिची ओव्हर द्यायला, म्हणजे पाळी संपताना काम समजावून सोपवायला, पुढच्या पाळीची सिस्टर येत नाही. तेव्हा ओव्हर मिस्टरांनाच द्या. रीतसर बसून द्या, वॉर्डात द्यायचात तशी: चहापत्ती कुठल्या डब्यात, आलं किती, गॅसचा कॉक कसा. पहिले पंधरा दिवस चहा वाईट होईल. साखर जास्त पडेल, दूध उतू जाईल आणि ओटा तसाच राहील. तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही. मला यात सगळ्यात अवघड तेच गेलं होतं. उतू गेलेल्या दुधाचा वास येत असताना बसून राहायला दर्ग्यातल्या फकिराची शांती लागते. जमतं पण. तिसऱ्या आठवड्यात जमतं.

शेंगांबद्दल. शेंगा फोडणं सोडा असं मी म्हणत नाही, उलट शेंगा फोडण्यासारखं निवांत काम दुसरं नाही. पण मग टीव्ही बंद करून फोडा. टरफल कुडकन वाजतं ते ऐका, एखादी कोवळी निघाली तर तोंडात टाका. किंवा टीव्ही बघा आणि शेंगा राहू द्या. दोन्ही एकदम केलं की दोन्हींची चव जाते. त्याची चटक का लागते, तेही सांगते: हात चालू असला की टीव्ही बघितल्याचा गुन्हा माफ होतो.

गल्लीतल्यांचं बीपी बंद करू नका, पण त्याला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी पाच ते सहा. दारावर पाटी लावली तरी चालेल, लोक पाळतात. बाकी वेळी कुणी आलं तर 'तातडीचं असेल तर दवाखान्यात चला, नसेल तर पाचला या.' चार दिवस लोक कुरकुरतील, पाचव्या दिवशी रांगेत उभे राहतील.

आता तुमच्या गावाबद्दल. मिरजेत राहून सावकाश म्हणजे काय, असा प्रश्न विचारणारीचा मला थोडा हेवाच वाटतो. माझा तंबोरा जवारी काढायला, म्हणजे तारांचा झणकार नीट करून घ्यायला, मी तुमच्या सतारमेकर गल्लीतच आणते. पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं, तासाभराचं काम असेल, दुपारच्या एसटीनं परत. कारागिरानं घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, कानसेनं अगदी एवढीशी घासली, तार छेडली, डोळे मिटून ऐकलं, पुन्हा घासली. मग तारेखालचा दोरा केसभर सरकवला, पुन्हा ऐकलं. मी दोनदा घड्याळ बघितलं. तो म्हणाला, 'ताई, तुम्ही चहा पिऊन या. तुम्ही बघत बसलात की माझा हात घाई करतो.' वर छताला भोपळे टांगलेले होते, पंढरपूरकडून आलेले, वाळत ठेवलेले. ते पुरते वाळल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही. ओला भोपळा कापून सतार केली तर ती पुढे तडकते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आधी ते भोपळेच आठवले. तुमच्या घरापासून ती गल्ली चालत असेल. एखाद्या दुपारी जा, दुकानाच्या पायरीवर बसायला मिळतं का विचारा. काही विकत घ्यायचं नाही, काही शिकायचं नाही. घासणं आणि ऐकणं नुसतं बघायचं.

आणि उरुसाच्या दिवसांत मीरासाहेबांच्या दर्ग्यात संगीत सभा भरते तिला जा. मिरजेत इतकी वर्षं राहून तुम्ही गेला नसाल, कारण रात्री तुम्हाला नाइट असायची किंवा दुसऱ्या दिवशी मॉर्निंग. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर त्याच आवारात आहे, आणि त्यांच्या नावानं गाणारे तिथं येऊन हजेरी लावतात. गाण्यातलं कळत नाही म्हणून मागे राहू नका. विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं, सुरू झाला की फक्त तबल्याकडे लक्ष द्या. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला चांगलं मिनिटभर लागू शकतं. म्हणजे तुम्ही एका पेशंटचे श्वास मोजायचात तेवढा वेळ. त्या मिनिटात गाणारा एखाद-दोन स्वरांशीच खेळत राहतो, कुठं चाललाय कळत नाही, आणि मग बरोबर समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. सगळ्या माना एकदम हलतात. तुमचीही हलेल. बाहेरून नुसतं रेंगाळणं दिसतं, पण आत एकेक मात्रा मोजलेली असते. मोजायची सवय असलेल्या माणसाला हे गाणं लवकर आवडतं, असा माझा अनुभव आहे. शिक्षिका, नर्स, शिंपी.

वाडीला पुन्हा जा, या वेळी एसटीनं. बायकांना २०२३ च्या मार्चपासून तिकीट अर्धं आहे, त्यामुळे पैसे वसूल करायचे म्हणून दिवसभरात पाच देवळं गाठायची गरज नाही. दर्शन झालं की घाटाच्या पायऱ्यांवर बसा. परतीची गाडी आली की ती जाऊ द्या. हे मी मुद्दाम सांगतेय: समोर उभी असलेली, जागा असलेली, तुमच्या गावाला जाणारी एसटी सोडून द्यायची. पहिल्यांदा पोटात गोळा येईल. मिस्टर म्हणतील, 'अगं, गाडी लागलीय.' त्यांना सांगा, पुढची येईल. मग काय करायचं, हे मी लिहीत नाही. कवठाची बर्फी आहे, नदी आहे, पाण्यात पाय सोडता येतात. पावसाळ्यात मात्र घाटावर जपून, कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत.

एक गोष्ट मात्र लवकर करा, हवं तर उद्याच. पहाटे साडेचारची जाग आणि दिवसभरची धावपळ यांबरोबर छातीत धडधड, हाताला कंप, वजन उतरणं असं काही असेल, तर थायरॉइड तपासून घ्या. जाग आल्यावर मनात काळोख दाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. हे मी सिस्टरला सांगतेय याची मला गंमत वाटते, पण माझ्या ओळखीच्या एकाही नर्सनं स्वतःची तपासणी वेळेवर केलेली नाही. तसं काही नसेल तर ती जाग बहुधा जुन्या पाळ्यांची आहे. तेव्हा उठून कपाट काढू नका. पडून राहा. मिरजेत त्या वेळी जंक्शनवरच्या गाड्यांचे आवाज येत असतील, ते ऐका. उठायचंच असेल तर रेडिओ लावा, विविध भारती लागली तर उत्तम. ती पुढे ढकलता येत नाही, पुढचं गाणं हवं असेल तर थांबावं लागतं.

आता ता. क. तो तळाशी लिहिलात, पण बाकीचं पत्र तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंत की काय, अशी मला शंका आहे.

'तू आता मोकळीच आहेस' हे वाक्य मुलानं प्रेमानं म्हटलं असेल. सुनेची ओढाताण होत असणार, पाळणाघराचे पैसे, नातवाचं आजारपण, सगळं खरं. तरी ते वाक्य तुम्ही जसंच्या तसं मान्य केलंत तर पुण्यात तुमची जनरल ड्युटी सुरू होईल, आठवड्याची सुट्टीही नसलेली. आणि तुमचा स्वभाव असा की तुम्ही ती इतकी चोख कराल की वर्षभरात त्या घराला तुमच्याशिवाय चालणार नाही. मग तिथं बसून चहा प्यायला तुम्हाला कोण देणार?

पण नातवाला टाळूही नका. दीड वर्षाचं पोर म्हणजे घाई अजिबात न कळणारं माणूस. रस्त्यानं चालताना मुंगी दिसली की ते तिथंच उकिडवं बसतं आणि दहा मिनिटं हलत नाही. सहा वर्षांचं झालं की शाळेची बस धरायला लागेल. तेव्हा जा, पण मुक्कामाला जा, आणि दिवस ठरवून जा. रेल्वेचं आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे मुक्काम दोन महिन्यांच्या आतला धरा, म्हणजे निघण्याआधीच परतीचं तिकीट काढता येईल. मिस्टरांचंही काढा; त्यांना मिरजेत एकटं ठेवलं तर चहाचं शिकवलेलं सगळं विसरतील. पुण्यात पोचल्यावर पिशव्या ठेवायच्या आधी ते तिकीट मुलाला दाखवा आणि त्याच्या फ्रिजवर लावून ठेवा. पाळणाघर चालू राहू दे. नातवाला तिथून आणायला संध्याकाळी तुम्ही जा, आणि येताना मुंग्या लागल्या तर लागू द्या. घरी कुणी विचारलं की एवढा उशीर का, तर सांगा, ओव्हर घेत होते.